ग्रंथसेवकाची नवी विद्या



१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वैनगंगेच्या काठचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. बालाघाटच्या मराठी वाचकाच्या वाटेत राज्याची सीमा आली. ती सीमा आता ग्रंथालयातील संगणकावरून ओलांडता येते. ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे.

परंतु हे भांडार वाचकाच्या हाती द्यावयाचे, तर ग्रंथसेवकाने शोधाची विद्या आत्मसात केली पाहिजे. 'ळ' च्या जागी 'ल' पडला, ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, तरी शोध फसू शकतो. म्हणून देवनागरी टंकलेखन हा पहिला धडा होय. शेतकऱ्याचा किंवा विद्यार्थ्याचा प्रश्न नीट ऐकून त्यातील नेमका शब्द निवडणे हा दुसरा. डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते. साधने बदलली, तरी ते कर्तव्य कायम आहे.

ग्रंथालयास संगणक मिळाला, एवढ्याने काम संपत नाही. ग्रंथसेवकास शिकण्यासाठी वेळ व प्रशिक्षण मिळावे, याची काळजी ग्रामस्थ, शिक्षक आणि अधिकारी या सर्वांनी वाहिली पाहिजे.