मासा जेवत नाही, तेव्हा पाणी बघा



आज भागवतातली कथा सांगायची आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या काचेच्या भांड्यापासून करतो. हसू नका. कीर्तनकाराच्या घरी गोल्डफिश कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. मुलाची बदली झाली. नातवाचं गाव सुटलं, शाळा सुटली, सवंगडी सुटले. पोराला सोबत म्हणून एक मासा आणला, एवढंच.

दोन-तीन आठवडे मासा बरा होता. मग एक दिवस दाणे वर तरंगत राहिले आणि मासा पर मिटून तळाशी कोपऱ्यात. आता आम्ही शहाण्यांनी काय केलं? सूनबाईंनी सकाळी दाणे टाकले. मी पूजा आटोपून चिमूटभर टाकले, वर प्रसादाचा भातही. नातवाच्या आजीनं संध्याकाळी टाकले. प्रत्येकाला वाटे, माझ्या हातचं खाईल! प्रेमच होतं हो, पण आंधळं.

शेवटी नातू बाटलीत पाणी भरून दुकानदाराकडे गेला. त्यानं त्यात थेंब टाकून रंग पाहिला आणि म्हणाला, "मासा खात नाही, कारण पाणी बिघडलंय. आणि पाणी तुम्हीच बिघडवलंय." न खाल्लेलं अन्न कुजतं, माशाची घाणही तिथंच, त्यातून अमोनिया होतो. हे विष डोळ्यांना दिसत नाही, पाणी अगदी नितळ! ते पचवणारे सूक्ष्म जीव फिल्टरमध्ये वाढायला कित्येक आठवडे लागतात. आमच्या गोल भांड्यात फिल्टरच नव्हता.

तुमच्या घरी मासा असेल तर ध्यानात ठेवा. खात नसेल तर आधी दाणे थांबवा. उरलेलं काढून टाका. धडधाकट मोठा गोल्डफिश दोन-तीन दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही. आपल्या एकादशीसारखंच ते! पाव हिस्सा पाणी बदला, फार बिघडलं असेल तर अर्धं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते घालवणारे थेंब टाका आणि नवं पाणी जुन्याइतकंच कोमट-गार ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर ते उपकारी जीव मरतात. पोट फुगलेलं वाटलं तर उपासानंतर उकडलेल्या मटाराचं साल काढून बारीक कण द्या. पुढं रोजचं खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. अंगावर पांढरे ठिपके किंवा जखम दिसली तर जाणकाराला दाखवा. मनानं औषधं ओतू नका.

आता कथा. सत्यव्रत राजा कृतमाला नदीवर तर्पण करत होता. ओंजळीत इवलासा मासा आला. राजानं त्याला कमंडलूत ठेवलं. रात्रीत मासा वाढला, म्हणाला, "राजा, इथं मला जागा पुरत नाही." मोठ्या भांड्यात ठेवलं, पुरेना. सरोवरात ठेवलं, पुरेना. शेवटी समुद्र! तो साक्षात भगवंत होता, हे तुम्ही जाणता. पण बघा, त्यानं राजाकडं खायला मागितलं का? नाही. जागा मागितली, पाणी मागितलं. आणि राजाचं मोठेपण असं की, त्यानं दरवेळी ऐकलं.

माउली, ही कथा मी चाळीस वर्षं सांगतोय. ऐकली मात्र त्या दिवशी.

कारण घरात न जेवणारा आणखी एक जण होता. नातवाचा डबा महिनाभर अर्धा परत येत होता. आम्ही काय करत होतो? "खा रे, खा! आणखी एक घास!" न खाल्ल्यावर रागावणं. दाण्यावर दाणे टाकणं! त्याच्या भोवतीचं पाणी कोणी तपासलं होतं?

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून पाणी बदललं. मी त्याच्याजवळ बसलो आणि पहिल्यांदाच "जेवलास का" असं विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "आबा, माझ्या बोलण्याला वर्गात हसतात. डबा खाताना माझ्याशेजारी कोणी बसत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत जाऊन बाईंशी बोलले. लगेच सगळं सुधारलं, असं खोटं सांगणार नाही. पाणी हळूहळूच सुधारतं. मोठी टाकी आणली, फिल्टर बसवला. चौथ्या दिवशी माशानं मटाराचा एक कण टिपला. नातू धावत सांगायला आला आणि बोलता बोलता माझ्या ताटातली अर्धी भाकरी खाऊन गेला.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कोणाची भूक हरवली असेल, म्हातारी आई असो, सासरी आलेली सून असो, की लेकरू असो, ताट पुढं ढकलण्याआधी क्षणभर थांबा. शरीराचं दुखणं असेल तर वैद्याकडं न्याच. पण त्याच्या भोवतीचं पाणीही बघा. ते पाणी म्हणजे बहुधा आपणच असतो.

जय जय रामकृष्णहरी!