आधी एकच जोडून बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. ती तुमच्या उपयोगाची आहे.

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी आपल्या एका गटाने प्लायवूडचे लॅम्प करायचं ठरवलं. चार बाजू, एक तळ आणि वरची चौकट. खाचेत खाच बसवायची. खिळा नाही, गोंद नाही. सुटे भाग सपाट पाकिटात जातात, एसटीतून नेताना मोडत नाहीत, गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतः जोडतं.

ठिपक्यांच्या रांगोळीची नक्षी ताईंनी काढली. मी ती कॉम्प्युटरवर घेतली. दुकानदार म्हणाला, प्लाय ३ मिलिमीटरचा. मीही खाच ३ची काढली आणि लेझर मशीनवर २० लॅम्प एकदम कापायला दिले. एक ताई म्हणाल्या होत्या, "आधी एकच कापून बघूया का?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरवर बरोबर दिसतंय ना."

जोडायला बसलो तर सगळे डुगडुगत होते. शेवटी गोंद लावून उभे केले, पण मग ते सपाट पाकिटात जाईनात. पैसे गटाच्या कर्जातले होते.

काय चुकलं? ३ मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा तेवढा नसतो. आमचा २.८ निघाला. शिवाय लेझर रेषेवरचं लाकूड जाळत जातो, त्यामुळे खाच साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर जास्त रुंद होते. म्हणजे खाच झाली ३.२ आणि त्यात घालायचा प्लाय २.८. बसणार कसा? ब्लाउज बेतताना आपण शिलाईसाठी कापड जास्त धरतो. इथे उलटं, खाच कमी धरायची.

आता आम्ही असं करतो. आधी घरी पुठ्ठ्याचा लॅम्प कापून आकार बघतो. मग प्लाय व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजतो. त्याच शीटच्या एका पट्टीवर २.५, २.६, २.७, २.८ अशा खाचा कापून घेतो. जी हाताने दाबल्यावर घट्ट बसते, ती पक्की. मग एक अख्खा लॅम्प जोडतो, आणि नंतरच बाकीचे कापायला देतो. नवीन शीट आणली की पुन्हा मोजतो.

नक्षीचंही सांगते. मशीनचं भाडं बहुतेक ठिकाणी मिनिटावर असतं, म्हणून प्रत्येक भोकाला पैसे पडतात. दोन भोकांमध्ये निदान प्लायच्या जाडीइतकी जागा ठेवा, नाहीतर नक्षी तुटते. आत फक्त कमी वॅटचा एलईडी बल्ब लावायचा. जुना पिवळा बल्ब फार तापतो, लाकूड पेटू शकतं. हे पाकिटावर मराठीत छापा. होल्डर आणि वायर आयएसआय मार्कचीच घ्या.

आणि हे मशीन शहरवाल्यांचं, असं समजू नका. पुणे जिल्ह्यात पाबळ गावी विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे.

शेवटचं एकच. त्या ताईंना लेझरची माहिती नव्हती, पण पहिला पापड लाटून, तळून बघितल्याशिवाय अख्खं पीठ लाटायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. मी शिकलेली म्हणून त्या गप्प बसल्या. पुढच्या वेळी मी घाई केली, तर गप्प बसू नका. मला अडवा.