बंधन कोणासाठी?

पेडणे-डिचोलीकडील जत्रांत रंगणाऱ्या दशावताराला लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले, आरंभी गणपतीचे स्तवन ठरलेले. संवाद मात्र नटाने आयत्या वेळी रचावयाचे. तरीही समोरच्या नटाला धागा सापडेल असेच बोलावयाचे, हे पथ्य प्रत्येक जण पाळतो.

संगणकाची भाषा रचणाऱ्याने आज्ञावली लिहिणाऱ्यावर किती बंधने घालावीत, या वादाचे उत्तर याच पथ्यात आहे. कोठूनही कोठेही उडी मारू देणारी 'गोटू' ही आज्ञा डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये घातक ठरविली. कारण उड्या वाढल्या की अर्थ हरवतो. १९९१ साली आलेल्या 'पायथॉन'ने तर कोणती ओळ किती आत सरकवावी, याचाही अर्थाशी संबंध जोडला. 'सी' भाषेने मात्र 'गोटू' राखली, आणि चूक निस्तरताना जाणकार ती आजही वापरतात.

बँकेच्या हिशेबाची आज्ञावली लिहिणारा निघून जातो. ती दुरुस्त करणारा मागे राहतो. तोच समोरचा नट. त्याचा धागा तुटेल तेथे बंधन अवश्य असावे. परंतु संवादही भाषाकारानेच लिहून दिले, तर नटाला करण्यासारखे काय उरेल?