प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मालवीय नगर, जयपूर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण मला येथे बोलण्यास पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. व्याख्यानाचा विषय विचारण्यासाठी आपले कार्यवाह घरी आले, तेव्हा मी म्हणालो, "जुन्या शर्यतीच्या मोटारींच्या नव्या प्रतिकृती." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग संकोचाने म्हणाले, "काका, आपल्या मंडळात शर्यतीची मोटार आहे कुणाकडे?" त्यांची शंका रास्त होती. परंतु हा विषय मोटारीचा जितका आहे, त्याहून अधिक अस्सल आणि नक्कल यांतील नात्याचा आहे. आणि जोहरी बाजाराच्या गावात राहणाऱ्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

मी आयुष्यभर यंत्रशाळेत मुलांना लेथपुढे उभे करून शिकवीत आलो. मोटारींचे वेड मात्र नोकरीच्या आधीपासूनचे. जयपुरात हिवाळ्यात राजपुताना ऑटोमोटिव्ह स्पोर्ट्स कार क्लबतर्फे जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरते. तेथे मी कित्येक वर्षे जात आलो आहे. तेथील गर्दीत एक वाद दरवर्षी कानी पडतो. एखादी देखणी, ठेंगणी, दोन आसनांची उघडी मोटार दिसली की कुणीतरी विचारतो, "ही खरी आहे का?" आणि त्या एका प्रश्नावर मोटारप्रेमींचे दोन तट पडतात.

पहिला तट अस्सलवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, शर्यतीची मोटार म्हणजे केवळ पत्रा आणि इंजिन नव्हे. ती एका घटनेची साक्षीदार असते. जग्वार कंपनीच्या सी-टाइप मोटारीने १९५१ आणि १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. अशा मोटारी अवघ्या ५३ बनल्या. त्यांपैकी एखादीच्या चाकावर हात ठेवणे म्हणजे त्या रात्रीच्या पावसाला, त्या तेलाच्या वासाला स्पर्श करणे होय. तंतोतंत तशीच मोटार आज कुणी बनवली, तर तिला आकार येईल, आवाजही येईल. पण तिने काय पाहिले? काहीच नाही.

दुसरा तट प्रतिकृतीवाद्यांचा. ते म्हणतात, इतिहास तुम्ही तिजोरीत ठेवा. आम्हाला मोटार चालवायची आहे. २०१८ साली अमेरिकेत १९६२ सालची फेरारी २५० जीटीओ ही मोटार लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. एवढ्या किमतीची वस्तू वळणावर वेगाने घालण्याचे धैर्य कुणाला होईल? जी मोटार धावण्यासाठी जन्मली, ती आता वातानुकूलित खोलीत मखमलीच्या दोरीमागे उभी असते. मग तिच्या चालीचा आनंद जिवंत ठेवतो कोण? प्रतिकृतीच. कॅरोल शेल्बी यांची १९६२ ची कोब्रा मोटार घ्या. मूळच्या कोब्रा हजाराच्या आसपास. तिच्या प्रतिकृती मात्र त्याच्या कितीतरी पट झाल्या. त्या बनवणाऱ्यांत मोठे कारखाने आहेत, तसे आपल्या घराच्या मागील पडवीत वर्षानुवर्षे खटपट करणारे गृहस्थही आहेत.

श्रोतेहो, हा वाद वाटतो तितका सरळ नाही. कारण 'अस्सल' म्हणजे काय, हेच मुळी निश्चित नाही. शर्यतीची मोटार आपटते, तिचे इंजिन बदलते, तिचा सांगाडा दुरुस्त होतो. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मां जिंकणाऱ्या 'ओल्ड नंबर वन' या बेंटली मोटारीबद्दल १९९० साली लंडनच्या न्यायालयात खटला चालला. तिचे बहुतेक भाग कालौघात बदललेले होते आणि घेणाऱ्याचे म्हणणे होते की ही ती मोटार नव्हेच. न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, भाग बदलले तरी त्या मोटारीचा इतिहास अखंड आहे, ती कधी नाहीशी झाली नाही, म्हणून ती तीच आहे. आपल्या जंतरमंतराचेच उदाहरण घ्या. सवाई जयसिंहांच्या त्या यंत्रांचा १९०१ च्या सुमारास मोठा जीर्णोद्धार झाला. कित्येक ठिकाणी बांधकाम नव्याने करावे लागले. तरी आपण पाहुण्यांना ते जयसिंहांचे जंतरमंतर म्हणूनच दाखवतो, आणि त्यात काही खोटे नाही.

याच्या उलट टोकाचा प्रकार खुद्द मूळ कंपन्यांनी सुरू केला आहे. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी जग्वारच्या कारखान्यास आग लागली आणि एक्सकेएसएस जातीच्या पंचवीसपैकी नऊ मोटारी जळून गेल्या. त्या जळालेल्या नऊ मोटारी आपण आता नव्याने बनवू, असे कंपनीने २०१६ साली जाहीर केले. बेंटलीने १९२९ च्या आपल्या शर्यतीच्या मोटारीचा खिळा न् खिळा सुटा करून, प्रत्येक भागाचे मोजमाप घेऊन, तशाच बारा नव्या मोटारी बनवण्याचे ठरवले. यांना प्रतिकृती म्हणू नका, हे आमच्याच कामाचे 'पुढचे प्रकरण' आहे, असा या कंपन्यांचा आग्रह असतो. मोटारप्रेमी यावर मनापासून हसतात. साठ वर्षांनंतर, दुसऱ्याच माणसांच्या हातांनी बनलेली वस्तू केवळ कंपनीचे नाव तेच म्हणून अस्सल, आणि एखाद्या कसबी कारागिराने तशीच बनवली तर ती नक्कल, हा न्याय त्यांच्या गळी उतरत नाही. त्यात स्वीडनमधील एका न्यायालयाने २०२० साली सी-टाइपचा आकार ही कंपनीची कलाकृती असल्याचे मानून तेथील एका दांपत्याने हौसेने बनवलेल्या प्रतिकृतीविरुद्ध निकाल दिला. त्याआधी २०१९ साली इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने फेरारी २५० जीटीओ ही कलाकृती ठरवली होती. तेव्हापासून हौशी मंडळींच्या मनात एक भीती बसली आहे: आपण प्रेमापोटी जे करतो, त्याला उद्या चोरी म्हटले जाईल काय?

आता आपल्या देशाकडे वळू. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी तिसाव्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनांची बॉडी चढवून घेतली होती. ती आज जगातील नामांकित मोटारींत गणली जाते. मराठी संस्थानिकाची ही रसिकता आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पण संस्थाने गेली, १९७१ साली तनखे गेले, आणि अशा कितीतरी मोटारी परदेशी गेल्या. येथील तरुणाला अस्सल शर्यतीची मोटार पाहावयास मिळणे दुर्मिळच. म्हणून महाराष्ट्रात अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या छोट्या कंपनीने जे केले, ते मला मोलाचे वाटते. कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन ही हलकी मोटार डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी फायबरग्लासची बॉडी घडवली आणि इंजिन घातले ते आपल्या अॅम्बॅसडरमध्ये असे तेच, १८०० सी.सी.चे इसुझु! गंमत अशी की मूळ लोटस सेव्हनदेखील इंग्लंडमध्ये सुट्या भागांच्या रूपात मिळे आणि घेणारा ती घरी जुळवी. तेव्हा तिची नक्कल करणारा एका अर्थी तिची परंपराच पाळीत असतो.

आपला कायदा मात्र या हौसेला फारसा अनुकूल नाही. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ स्वरूपात फेरफार केलेले वाहन रस्त्यावर चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी निराळे नियम झाले, 'व्हीए' अक्षरांची निराळी क्रमांकपट्टी आली. पण तीही सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न झालेल्या वाहनांनाच. हा नियम योग्यच आहे, असे माझे मत आहे. ते मत कसे बनले, त्याची हकिगत सांगतो.

माझे एक स्नेही निवृत्त झाल्यावर त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतील मोठी रक्कम घालून ब्रिटिश बनावटीची एक उघडी स्पोर्ट्स मोटार घेतली. विकणाऱ्याने सांगितले की ही साठ-सत्तर वर्षांपूर्वी धावपट्टीवरील शर्यतींत उतरलेली आहे. कागदपत्रे होती, एक जुने छायाचित्रही होते. स्नेह्यांचा नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला मांडीवर घेऊन ते चाकामागे बसत आणि त्या शर्यतींच्या गोष्टी सांगत. पुढे ब्रेकच्या कामासाठी आम्ही ती माझ्याकडे उतरवली. रंग खरवडला, तर खाली लांबीचे थर. लांबीखाली अलीकडच्या चौकोनी नळ्यांचा, नव्या वेल्डिंगचा सांगाडा. क्रमांकाची पट्टी तेवढी जुनी होती, आणि तिला ठोकलेले रिव्हेट नवे.

मी काही बोललो नाही. तेही बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैसे गेले त्याचे जाऊ द्या. मी त्या पोराला खोटे सांगितले हो."

त्यांनी विकणाऱ्याचा पिच्छा पुरवला नाही. ज्याने ती बनवली त्याचा मात्र शोध घेतला. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या एका गावी तो कारागीर सापडला. वृद्ध होता, पत्रा ठोकून ठोकून बोटे वाकडी झालेली. त्याने मोटारीचे छायाचित्र ओळखले आणि त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "साहेब, ही मीच बनवली. नुसत्या फोटोवरून बनवली. नवी म्हणूनच बनवून दिली होती. आवडली का तुम्हाला?"

बंधुभगिनींनो, त्या दिवशी मला या सगळ्या वादाचे मर्म कळले. प्रतिकृतीला खोटा इतिहास चिकटवला की फसवणूक केवळ घेणाऱ्याची होत नाही. ज्या मोटारीचे यश चोरले तिचा अपमान होतो, आणि ज्याने आपल्या हातांनी ही नवी मोटार घडवली त्याचे नावही पुसले जाते. त्या वृद्धाचे कसब अस्सल होते. नकली होती ती केवळ पट्टी.

स्नेह्यांनी कागदपत्रे परिवहन कार्यालयात जमा केली. मोटार आता रस्त्यावर येत नाही. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात ती त्यांनी कधी उतरवली नाही. तिच्या पुढच्या फळीवर त्यांनी एक पितळी पट्टी बसवली आहे. तीवर ती कशाची प्रतिकृती आहे ते, आणि खाली त्या कारागिराचे नाव कोरले आहे. नातू आता एकोणीस वर्षांचा आहे. सुट्टीत तो त्या कारागिराच्या मुलाकडे पत्रा वळवायला शिकून आला. अस्सल मोटारीने त्याला इतके दिले असते की नाही, मला शंका आहे.

म्हणून माझा कौल असा: अस्सल ते जपावे, जीर्णोद्धार करावा तर नोंद ठेवून करावा, आणि प्रतिकृती अवश्य बनवावी; मात्र तिने आपल्याच नावाने उभे राहावे. प्रतिकृतीला कमी लेखण्याचे कारण नाही. १९६८ च्या सुमारास याच शहरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टरजी रामचंद्र शर्मा यांनी रबर आणि लाकडाचा पाय घडवला. तो खऱ्या पायाची नक्कलच आहे. पण त्यावर माणसे शेतात चालली, झाडावर चढली. तो पाय मोफत बसवून देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती या आपल्याच मालवीय नगरात आहे. तेथे जाऊन कुणी 'हा पाय नकली आहे' असे म्हणून नाक मुरडील काय?

आणि आपण मराठी माणसे तर प्रतिकृतींतच वाढलो. दिवाळीत अंगणात मातीचा रायगड कुणी केला नाही? त्यावर अळीव पेरले, बुरुज लिंपले, मावळे मांडले. तो रायगड नव्हे, हे आपल्याला ठाऊक होते. पण खऱ्या रायगडाची ओढ त्या मातीनेच लावली. जयपुरातले हे मंडळ, आपला गणेशोत्सव, संक्रांतीचे हळदीकुंकू, हीदेखील दूर राहिलेल्या गावाची आपण उभी केलेली प्रतिकृतीच आहे. ती मूळची पुण्याची वा नागपूरची, असा दावा आपण करू नये. पन्नास वर्षांत तिच्यात येथील वाळू मिसळली, आपल्या मुलांच्या मराठीत येथील शब्द आले. त्यात लपवण्यासारखे काही नाही. आपल्या पट्टीवर आपण निःसंकोच लिहावे: घडवले जयपुरात, आणि खाली, ज्यांनी पन्नास वर्षे हा मांडव उभा केला त्यांची नावे.