डब्यावरचे इंग्रजी

(यवतमाळ जिल्ह्यातील युवक-युवतींच्या शिबिरात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



मला विषय दिला आहे, 'आपली मुले इंग्रजीत मागे का पडतात?' विषय मोठा आहे, आणि त्यावर भाषणे करणारे माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत. मी याच जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. म्हणून वर्गात जे पाहिले तेवढेच सांगते.

माझ्या वर्गात कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कोणाच्या घरी गोरमाटी, एखाद्याच्या घरी कोलामी. आपल्या घरांत जी भाषा आहे तिला आपण उर्दू म्हणतो, शेजारी हिंदी म्हणतात, आणि ती ऐकली तर निम्मी वऱ्हाडी निघते. म्हणजे इंग्रजी ही कोणाची तिसरी, तर कोणाची चौथी भाषा. पण महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. नववीतल्या मुलीने आठ वर्षे इंग्रजी शिकलेले असते. आठ वर्षे थोडी नाहीत.

नववीतल्या अशाच एका मुलीची वही मला आठवते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ, अक्षर मोत्यासारखे. 'हॉस्पिटॅलिटी' म्हणजे आदरातिथ्य, हे तिला पाठ होते. मी विचारले, काल तुझ्या अम्मीने काय काम केले, इंग्रजीत सांग. ती गप्प. अम्मी कापूस वेचायला गेली होती. 'मदर' तिला येत होते, 'पिक' येत होते, 'कॉटन' आणि 'यस्टरडे' येत होते. चारही शब्द वहीत वेगवेगळ्या पानांवर होते. ते एका ओळीत कधी आलेच नव्हते.

दोष तिचा नव्हता. दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, बाकीचे २० शाळेतले. पत्र गाइडमध्ये तयार असते, फक्त नाव-पत्ता बदलायचा. मीही कितीतरी वर्षे हेच करून घेतले. निकाल चांगला लागायचा, मुख्याध्यापक खूश, पालक खूश. ती मुले पुढे कॉलेजात गेली आणि शिष्यवृत्तीचा अर्ज का नाकारला हे विचारणारे चार ओळींचे पत्र लिहायला सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊ लागली. तुमच्यातही कोणी दिले असतील. हात वर करायला सांगत नाही.

आता २०१७ सालाबद्दल बोलते. तुम्ही तेव्हा लहान होता, पण घरी ऐकले असेल. त्या वर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो लोकांना विषबाधा झाली. सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कारणे अनेक सांगितली गेली: कपाशी डोक्याइतकी वाढलेली, पंपाचा जोर जास्त, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला साधा रुमाल. डब्यावरचे इंग्रजी वाचता आले असते तर सगळे वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण मी इंग्रजीची शिक्षिका आहे आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी तो डबा होता, एवढे मला टाळता येईना.

मी धुतलेल्या रिकाम्या डब्यांची लेबले मागवली नाहीत, कारण रिकामा डबासुद्धा मुलांच्या हाती देऊ नये. कृषी केंद्रातून माहितीपत्रके आणली आणि लेबलाचे चित्र फळ्यावर काढले. टोकावर उभा केलेला चौकोन, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. वरच्या अर्ध्या भागात शब्द. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. मुलांनी तिन्ही शब्दांचा अर्थ एकच सांगितला, धोका. गाइडमधल्या शब्दार्थाने एवढेच मिळते. त्या दिवशी आम्ही पूर्ण तास या तीन शब्दांवरच घालवला. रस्त्यावर पाणी सांडले आहे, तिथे कोणता शब्द लावाल? विजेच्या डीपीवर कोणता? निळा रंग पाहून 'हे तर साधेच आहे' असे म्हणणाऱ्या काकांना काय सांगाल?

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमी त याले औषदच म्हनतो. मंग डब्ब्यावर पॉयझन कायले लिवलं?"

वीस वर्षांच्या नोकरीत शब्दसंग्रहावर इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. एकाच वस्तूला आपली बोली औषध म्हणते आणि लेबल विष म्हणते. मग आम्ही 'पेस्टिसाइड' हा शब्द फोडला. 'पेस्ट' म्हणजे कीड, आणि 'साइड' हे शेपूट लॅटिनमधून आलेले, त्यात मारण्याचा अर्थ आहे. 'इन्सेक्टिसाइड', 'हर्बिसाइड'. याच शेपटाचा आणखी एखादा शब्द माहीत आहे का, असे विचारले. वर्ग क्षणभर शांत झाला आणि एक मुलगी हळूच म्हणाली, "सुसाइड." आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हा शब्द कोणत्याही धड्याआधी येतो.

त्यानंतर मी त्यांना लिहायला सांगितले, घरी फवारणी कशी होते ते पाच वाक्यांत. आणि इथे मी चुकले.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे अब्बा मजुरीने फवारणीला जायचे. त्याने एक वाक्य लिहिले होते, 'फीवर केम टू माय अब्बा.' मराठीत आपण म्हणतो, अब्बांना ताप आला. शब्दाला शब्द ठेवला, तसेच इंग्रजी झाले. मी लाल पेन घेतले. पाच वाक्यांत सतरा चुका मोजल्या आणि सतराही दाखवल्या. पुढच्या आठवड्यात त्याने वही आणली, त्यात गाइडमधला 'माय फेव्हरेट सीझन' उतरवलेला होता. एकही चूक नव्हती. त्यात अब्बाही नव्हते.

ती वही पाहून मला जे वाटले ते सांगत बसत नाही. तेव्हापासून एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवते. या आठवड्यात फक्त क्रियापदाचा काळ, पुढच्या आठवड्यात फक्त 'अ' आणि 'द'. बाकीच्या चुका तशाच राहू देते. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी यावर नाक मुरडले, मुरडू दे. आणि आधी वाचते, मग तपासते. म्हणजे खाली आधी प्रश्न लिहिते: अब्बांना ताप कधी आला? दवाखान्यात कोण घेऊन गेले? मुलगा उत्तर लिहितो आणि नवा शब्द स्वतःच मागायला येतो. 'चक्कर'ला काय म्हणतात मॅडम? मागून घेतलेला शब्द सहसा विसरत नाही.

कोणते शब्द शिकवावेत, यावर फार पूर्वी मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने काम केले. ते ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते, आपल्यासारख्याच, घरी इंग्रजी नसलेल्या मुलांसाठी पुस्तके तयार करत होते. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी छापली. त्यात 'गेट', 'टेक', 'मेक', 'गिव्ह', 'हॅव' असे छोटे शब्द आहेत. आपली मुले यांना सोपे समजून सोडून देतात आणि 'हॉस्पिटॅलिटी' पाठ करतात. पण 'फीवर केम' दुरुस्त होते ते याच छोट्या शब्दाने: 'ही हॅड अ फीवर.' तहान, भूक, ताप, चक्कर, राग, हे सगळे मराठीत आपल्याला 'येते' किंवा 'लागते'. इंग्रजीत त्यातले बरेचसे माणसाजवळ 'असते', नाहीतर माणूसच तहानलेला, भुकेला 'असतो'. हा एवढा फरक समजला की अर्धी वही सुधारते.

मध्येच एक गंमत. 'कॉटन' हा शब्द इंग्रजांचा नाही, मूळ अरबी 'कुत्न'. आणि 'मंगूज' आपल्या मुंगसावरून गेला. मुलांना हे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावरची भीती जरा उतरते. आपण फक्त घेणारे नाही, आपलेही शब्द तिकडे गेले आहेत.

माध्यमाबद्दल मला नेहमी विचारतात. उर्दू, मराठी की इंग्रजी? गावोगावी कॉन्व्हेंटच्या पाट्या लागल्या आहेत आणि हातमजुरी करणारे बाप फी भरतात. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण त्या शाळांतल्याही वह्या मी पाहिल्या आहेत. तिथेही फळ्यावरचे उतरवून घेतात, फक्त उजव्या बाजूचा अर्थसुद्धा इंग्रजीत असतो.

२०१७ च्या त्या प्रकरणातल्या काही कुटुंबांनी २०२० मध्ये थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. आपल्याच जिल्ह्यातले लोक. अशा ठिकाणी विचारतात ते हेच: कोणत्या दिवशी फवारले, डबा कोणता होता, किती वेळाने चक्कर आली, कोणी पाहिले. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने पाच मोडक्या वाक्यांत याच प्रश्नांची उत्तरे लिहायला घेतली होती, आणि मी ती लाल केली होती.

तुमच्यापैकी बहुतेक जण कॉलेजात आहेत. घरी धाकटी भावंडे आहेत. मी मोठे काम सांगत नाही. त्यांच्याकडून रोज तीन वाक्ये लिहून घ्या, आज घरात काय झाले याची. गाइड बंद. चूक एकच दाखवायची. पण हे तुम्हाला आधी जमते का ते पाहू. पिशवीतून कागद काढा. पाच मिनिटे देते. काल तुमच्या घरी सगळ्यात जास्त काम कोणी केले आणि काय केले, इंग्रजीत तीन वाक्ये. शब्द अडला तर हात वर करा. आज माझ्याजवळ लाल पेन नाही.