टॅबवर भागेल का?

(जव्हार येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की जव्हारच्या बाजारपेठेत, मोखाड्याच्या एसटी स्टँडवर ओळखीचे पालक थांबवून विचारतात, "सर, पोराला टॅब घेऊ की लॅपटॉप?" बरा टॅब पंधरा-वीस हजारांत येतो. नव्या लॅपटॉपला पस्तीस-चाळीस हजार मोजावे लागतात. आणि विचारणाऱ्याच्या हातात जो पैसा असतो तो बहुधा दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्टीवर घर हलवून कमावलेला असतो. अशा पैशाबद्दल विचारणाऱ्याला "दोन्हीचे आपापले फायदे असतात" एवढे सांगून वाटेला लावणे मला पटत नाही. म्हणून माझे मत आधीच सांगतो. पाहायला, वाचायला आणि कुणीतरी आखून दिलेले रकाने भरायला टॅब पुरतो. स्वतः लिहायला, चार ठिकाणची माहिती जुळवायला, हिशेब मांडायला तो पुरत नाही. आणि आपल्या दोन्ही तालुक्यांत खरी उणीव या दुसऱ्या कामाची आहे.

टॅबची बाजू लंगडी नाही, ती नीट ऐकून घेऊ. आपल्याकडे पावसाळ्यात एक झाड तारेवर पडले की पाड्यावर दोन-दोन दिवस लाईट येत नाही. टॅब दहा-पंधरा वॅटवर चार्ज होतो. साध्या लॅपटॉपच्या चार्जरला 45 ते 65 वॅट लागतात. घरावर छोटे सौर पॅनेल आणि यूएसबीची सोय असेल तर टॅब चालू राहतो. लॅपटॉपसाठी बहुतेक वेळा इन्व्हर्टर लागतो. टॅबमध्ये सिम थेट बसते. आत पंखा नसल्याने धूळ ओढली जात नाही. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, म्हणजे आश्रमशाळेतल्या मुलाच्या दप्तरात तो सहज मावतो. लहान मुलांना बोटाने अक्षर गिरवता येते, चित्र हलवता येते. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने टॅबवर शिकवून दाखवले आणि डिजिटल शाळा म्हणून ती राज्यभर गाजली. पहिली ते चौथीसाठी मी आजही टॅबच सुचवेन.

पण टॅबची पहिली गाठ पडते ती फोनशी. 27 जानेवारी 2010 रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी आयपॅड दाखवला, तेव्हा त्यांनी प्रश्न ठेवला होता की फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या वस्तूला जागा आहे का. असेल, तर तिने काही कामे त्या दोघांपेक्षा सरस केली पाहिजेत. कोणती, तेही त्यांनी सांगितले: वेबसाइट चाळणे, मेल, फोटो, व्हिडिओ, गाणी, खेळ, पुस्तके वाचणे. मेल सोडला तर यादीतले सगळे दुसऱ्याने केलेले आपण घेण्याचे काम आहे. शिवाय त्या वेळी फोनचा पडदा साडेतीन इंचांचा होता. आज आठ-दहा हजारांच्या फोनलाही साडेसहा इंचांचा असतो. ज्या घरात असा फोन आहे, तिथे टॅब आणला म्हणजे तेच अँड्रॉइड, तीच ॲप, फक्त पडदा मोठा. पालकाने पंधरा हजार कशासाठी दिले, तर पडद्याच्या वाढीव आकारासाठी.

आपल्या देशाने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब जाहीर केला. सरकारला तो 2,276 रुपयांना पडत होता. सात इंचांचा पडदा, 256 एमबी रॅम, आणि पडदा असा की बोट टेकवून चालत नसे, दाबावे लागे. तक्रारी झाल्या, मग आयआयटी मुंबईने लक्ष घातले आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-2’ आला. तो पुष्कळ सुधारलेला होता. तरी सगळी चर्चा किमतीभोवती फिरत राहिली. विद्यार्थी त्यावर दिवसभर नेमके काय करणार, याला तिच्यात फार थोडी जागा मिळाली.

इथे माझ्या मताच्या विरुद्ध जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची जागतिक मोहीम त्याआधीच सुरू झाली होती, आणि 2007 साली रायगड जिल्ह्यात कर्जत परिसरातल्या एका वाडीवर तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले होते. त्याच मोहिमेबद्दल पेरू देशातल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात किंवा भाषेत वाढ दिसली नाही. म्हणजे लॅपटॉप आणून ठेवला की मूल हुशार होते, असे मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. यंत्र कुठलेही असो, शिकवणारे माणूस आणि करायला खरे काम लागतेच. माझे म्हणणे एवढेच, की काम हाती आले तर ते करता येईल असे यंत्र हवे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांनी 2013 साली हजारो आयपॅड घेतले. राज्याच्या नव्या परीक्षेला कीबोर्ड लागणार होता आणि त्याचा खर्च धरलेलाच नव्हता, हे मागाहून ध्यानात आले. पुढच्याच वर्षी तिथल्या वरच्या वर्गांच्या शाळांना लॅपटॉप निवडायची मुभा द्यावी लागली.

आपल्या मुलांचेही तेच आहे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर होतात. 2023 ची तलाठी भरतीची परीक्षाही संगणकावर झाली. टॅबवर वर्षभर सराव केलेला मुलगा केंद्रावर जातो आणि समोर माउस असतो. पहिली काही मिनिटे बाण कुठे गेला हे शोधण्यात जातात. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठीत मिनिटाला 30 शब्दांचे प्रमाणपत्र मागतात. ती गती दहा बोटांना येते, काचेवर येत नाही. बोलून टाइप करण्याची सोय चांगली झाली आहे, मीही वापरतो. पण ती प्रमाण मराठीवर घडली आहे. वारली किंवा कोकणा बोलीत बोलणाऱ्या आजीचे म्हणणे ती नीट उतरवत नाही, आणि परीक्षेच्या खोलीत तर बोलताच येत नाही.

आता एक काम जवळून पाहू. बी.ए.ला असलेली एक मुलगी आपल्या पाड्याच्या पाणीटंचाईवर अहवाल लिहीत होती. विषय तिने मोठा धरला होता. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतो. विहिरी कोणत्या महिन्यात आटतात, टँकर कधी येतो, बायकांचा किती वेळ पाणी आणण्यात जातो, हे तिने वहीत घरोघर विचारून लिहिले होते. हातात टॅब होता. कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा झाकला जायचा आणि वर तिच्या लिखाणाच्या चार-पाच ओळी उरायच्या. तिसरा परिच्छेद पहिल्याच्या जागी न्यायचा, तर बोट दाबून धरायचे, मग दोन निळ्या खुणा ओढत न्यायच्या. एक खूण दर वेळी ‘विहिरींच्या’ या शब्दाच्या मध्येच अडकायची. तक्ता दुसऱ्या ॲपमध्ये होता. लिहिताना आकडे पाहावेत म्हणून ती मागे जायची, आकडा पाठ करायची, परत यायची. शेवटी कंटाळून तिने वहीतल्या तक्त्याचा फोटो काढून अहवालात चिकटवला. महिन्यांची बेरीज राहिली, दोन पाड्यांची तुलना राहिली. फाइल पीडीएफ करून ठरावीक केबीच्या आत बसवायला ती व्हॉट्सॲपवर सायबरवाल्याला पाठवावी लागली आणि त्याचे पैसे द्यावे लागले. नंतर कॉलेजच्या संगणकावर तोच मजकूर तिने एका बाजूला, तक्ता दुसऱ्या बाजूला उघडला, तेव्हा दोन पाड्यांतला फरक तिला स्वतःलाच प्रथम दिसला. ती आधीच हुशार होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर असणे, एवढेच कमी होते.

हे एका मुलीपुरते नाही, म्हणून मी त्यावर जोर देतो आहे. आपल्या दोन तालुक्यांत आज बोटाने चालणाऱ्या यंत्रांवर किती काम होते, ते आठवून पाहा. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरमध्ये बाळाचे वजन-उंची भरते. रोजगार हमीच्या कामावर ॲपमध्ये फोटोसह हजेरी लागते. 1 जानेवारी 2023 पासून ती सक्तीची झाली. शेतकरी ई-पीक पाहणीत आपल्या भाताचा, नाचणीचा, वरईचा फोटो टाकतो. ती 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली. ही तिन्ही कामे आवश्यक आहेत, आणि जागेवर जाऊन फोटो काढायला फोन किंवा टॅबइतके सोयीचे दुसरे काही नाही. पण भरलेल्या माहितीचा तक्ता कुठे तयार होतो? तालुक्याला, जिल्ह्याला, मंत्रालयात, कीबोर्डसमोर बसलेल्या माणसापुढे. कोणत्या पाड्यात वजने घसरली, कुठे मजुरी थकली, हे त्याला एका पडद्यावर दिसते. भरणाऱ्याला दिसतो फक्त पुढचा रकाना. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले, ते हलक्या प्रतीचे होते, गरम होत होते, म्हणून. त्यांची तक्रार रास्त होती. पण उद्या उत्तम फोन मिळाले तरी त्यांच्या हाती भरण्याचेच काम राहील. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली तेव्हा आपल्या तालुक्याची आकडेवारी बाहेरच्यांनी येऊन मांडली. आपल्या गावाच्या आकड्यांचा तक्ता आपल्या गावातल्या कुणाला तरी मांडता आला पाहिजे, असे मला फार मनापासून वाटते.

"मग टॅबला कीबोर्ड जोडला तर?" असे काही जण विचारतात. जोडता येतो, आणि ज्याच्याकडे टॅब आधीच आहे त्याने जरूर जोडावा. ब्लूटूथचा कीबोर्ड हजार-बाराशेत मिळतो. पत्र, अर्ज, निबंध निभावतो. पण एक्सेलची मोठी शीट, दोन खिडक्या, सरकारी पोर्टलवरचे अपलोड, प्रिंटर यांपैकी कुठेतरी गाडी अडते. महाग टॅबवर कमी अडते, पण तोवर किंमत लॅपटॉपच्या पुढे गेलेली असते.

पैशाचे उत्तर जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. कंपन्या तीन-चार वर्षे वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात. ते दुरुस्त होऊन मुंबई-नाशिकला पंधरा-वीस हजारांत मिळतात, म्हणजे टॅबच्याच भावात. बॅटरी बदलता येते, रॅम आणि एसएसडी बहुतेकांत बदलता येते, कीबोर्डही बदलता येतो. स्वस्त टॅबचे स्टोरेज बोर्डावरच पक्के असते, पडदा फुटला की खर्च नव्या टॅबच्या निम्म्याला भिडतो, आणि अपडेट दोन-तीन वर्षांत थांबतात. घेताना इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आहे ना, हे पाहा. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इंटेलच्या त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज 11 रीतसर बसत नाही. तसा जुना मिळालाच तर लिनक्स टाका. लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीत आहे, इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात चालतो.

ज्या घराला पंधरा हजारही झेपत नाहीत, त्या घराने कर्ज काढून काहीच घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो. तिथे गावाने पुढे यावे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट पेसा (म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या) ग्रामपंचायतींना येतो आणि तो कशावर खर्चायचा यात ग्रामसभेचा शब्द चालतो. शिक्षण त्यात बसते. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या एका कोरड्या खोलीत तीन जुने लॅपटॉप, एक इन्व्हर्टर, एक प्रिंटर एवढे पुरे. दर वर्षी 1 मेला ग्रामसभा असते. ठराव मांडाल तेव्हा यंत्रांच्या यादीपाशी थांबू नका. खोली संध्याकाळी किती ते किती उघडी राहील, आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत वेळ काय, किल्ली कोणत्या बचत गटाकडे, वीजबिल कोण भरणार आणि टंकलेखन शिकवणाऱ्या मुलाला महिन्याला किती द्यायचे, हेही त्याच ठरावात लिहून घ्या. मसुदा करायला मदत लागली तर मला बोलवा, मी येईन.