गौणवाक्याची जागा



१८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग १८४४ मध्ये आपल्या सुरतेतच मानवधर्म सभेच्या संस्थापकांत होते. त्यांना स्मरून घरोघरच्या लिखाणातली एक बारीक गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो.

इंग्रजी चिठ्ठीत बहुधा नकार आधी येतो आणि 'बिकॉज'चे गौणवाक्य मागून. मराठीत आपण लिहितो, 'आई आजारी आहे, म्हणून येता येणार नाही.' इथे कारण गौण राहत नाही. बरोबरीचे वाक्य होऊन नकाराच्या पुढे उभे राहते. वाचणाऱ्याचे मन आधी सांभाळले जाते. इंग्रजीतही 'अ‍ॅज'ने आरंभ करून हे साधते.

'हू'चे गौणवाक्य मात्र नामाच्या पाठीला चिकटते. त्या सवयीने मुले मराठीतही लिहितात, 'माझा मामा, जो पुण्याला राहतो, तो येणार आहे.' आपले वळण सरळ आहे: 'पुण्याला राहणारा मामा येणार आहे.' शेजारची गुजरातीही 'पुणे रहेता मामा' असेच म्हणते.

मुलांनी इंग्रजी जरूर इंग्रजीच्या रीतीने लिहावे. पण आजीला लिहिलेल्या पत्रात वाक्य आजीच्या बोलण्यासारखे चालावे. शब्द मराठी राहिले आणि चाल गेली, तर भाषा अर्धीच उरते.